थरथर ओळखणारा कान

१/ यंत्रयुगाचा इतिहास आपण वाफ, पोलाद, वीज आणि संगणक अशा क्रमाने शिकतो. धातू कापताना यंत्राला सुटणारी थरथर त्यात क्वचितच भेटते. तिच्यावर मिळवलेल्या ताब्याचे सारे श्रेय आपण अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला देतो. हा न्यायनिवाडा मला एकांगी वाटतो. कारणे क्रमाने मांडतो.

२/ प्रारंभ १७७० च्या दशकातील इंग्लंडमध्ये. जेम्स वॉटच्या इंजिनाला आतून अचूक गोल असा सिलिंडर हवा होता. प्रचलित यंत्रांत कापणाऱ्या दांड्याला एकाच टोकाला आधार असे, त्यामुळे आत गेल्यावर तो भरकटे. जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास दांडा सिलिंडरमधून आरपार नेला व दोन्ही टोकांना आधार दिला. वाफेचे युग या साध्या दुरुस्तीचे मोठे ऋणी आहे.

३/ एकोणिसाव्या शतकाने यातून एक धडा घेतला: यंत्र जितके जड व दणकट, तितके ते स्थिर. लाकडी सांगाडे जाऊन ओतीव लोखंडाचे आले. परंतु १९०० च्या सुमारास ‘हाय-स्पीड स्टील’ची हत्यारे आली, कापण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला आणि नुसत्या वजनाचा उपाय तोकडा पडू लागला.

४/ या पोलादामागील प्रमुख नाव फ्रेडरिक टेलर. कामगाराच्या हातातील कसब मोजून, त्याचे नियम बांधून ते नियोजन कार्यालयात नेण्याचा ध्यास घेतलेला हा अमेरिकन अभियंता. धातू कापण्यावर त्याने सुमारे २६ वर्षे प्रयोग केले. नोंदवलेले प्रयोग ३०,००० हून अधिक, आणि त्यांत भुगा झालेले लोखंड-पोलाद ८ लाख पौंडांहून जास्त!

५/ या प्रयोगांचा वृत्तांत त्याने १९०६ साली अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे अध्यक्ष म्हणून मांडला. त्यात एक विलक्षण कबुली आहे. ‘चॅटर’, म्हणजे हत्यार व जॉब यांच्यातील थरथर, हा कारागिरापुढील सर्वांत गूढ व नाजूक प्रश्न असून वेगवेगळ्या आकारांच्या जॉबसाठी त्याचे अचूक नियम बहुधा बांधता येणार नाहीत, असे तो सांगतो.

६/ ही कबुली मला फार मोलाची वाटते. ज्या माणसाला कारागिराची अक्कल तक्त्यात उतरवायची होती, त्यानेच इथे हात टेकले. मग लेथवर प्रत्यक्ष काय होत असे? टर्नर आवाज ऐकत असे. सूर बदलला की तो वेग उतरवी, फीड बदली, बाहेर आलेले हत्यार आखूड धरी किंवा लांब जॉबला मध्ये आधार देई. ऐकणे, निदान करणे, लगेच कृती करणे.

७/ शास्त्रीय उलगडा व्हायला १९५० चे दशक उजाडावे लागले. चेकोस्लोव्हाकियात यिर्शी त्लुस्ती आणि इंग्लंडमध्ये एस. ए. टोबायस यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले की ही थरथर बहुधा बाहेरून येत नाही. कापण्याची क्रियाच तिला जन्म देते.

८/ कच्चा रस्ता आठवा. पुढे गेलेल्या गाडीने पाडलेल्या खड्ड्यात मागची गाडी आदळते आणि खड्डा आणखी खोल करते. लेथवरही असेच घडते. एका फेऱ्यात जॉबवर उमटलेल्या सूक्ष्म लाटा पुढील फेऱ्यात हत्याराला भेटतात. कापाची जाडी कमीजास्त होते, बल बदलते, आणि परिस्थिती प्रतिकूल असेल तर थरथर वाढत जाते.

९/ या सिद्धांताने कारागिरालाही एक नवी गोष्ट शिकवली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. चॅटर आला की वेग कमी करणे ही सर्वसाधारण सवय. गणिताने दाखवले की काही वेळा वेग योग्य तितका वाढवला, तरच काप शांत होतो.

१०/ पुढचे पाऊल सक्रिय नियंत्रणाचे. १९७० साली नॅच्टिगल व कुक या अमेरिकन संशोधकांनी यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तत्त्व असे: संवेदक थरथर टिपतो, नियंत्रक हिशेब करतो आणि एखादा विद्युतचुंबक किंवा पिझो घटक तिच्या विरोधात बल लावतो. सेकंदाला शेकडो कंपने! इतक्या त्वरेने मानवी हात कदापि हलणार नाही.

११/ म्हणून कोणी म्हणेल, इथे टर्नरचा संबंध काय? वेग यंत्राचा आहे, हे मान्यच. परंतु थरथरीला केवळ वजनाखाली न दडपता तिचे ऐकून त्या क्षणी उत्तर देण्याची रीत यंत्रशाळेत आधीपासून जगत होती. शोधनिबंधाला तारीख असते, पेटंटला क्रमांक असतो. कानाला यांपैकी काहीच नसते. त्यामुळे आपला इतिहास त्याला वगळतो.

१२/ इतिहासप्रेमी मित्रांनो, किल्ल्यांच्या नोंदी आपण हौसेने करतो. आपल्या गावात लेथवर आयुष्य घालवलेला एखादा टर्नर असेल, तर एक दुपार त्याच्यापाशीही बसा. बिघडलेला काप कसा ऐकू येतो, हे त्याला विचारा आणि उत्तर ध्वनिमुद्रित करून ठेवा. ती पिढी निवृत्त होत आहे, आणि हे साधन कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाही.