‘किती दिवस करणार?’

‘याचं किती दिवस करणार? दुसरं मूल होऊ द्या.’ गंभीर स्वरूपाची सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईला असं नातेवाईक म्हणतात. आम्ही डॉक्टरही म्हणतो, आणि आमच्या तोंडून ते निदानासारखं ऐकू येतं. त्यामागे दोन गृहीतकं असतात: मूल दुःखात आहे आणि घर उद्ध्वस्त होणार आहे.

पहिलं तपासू. युरोपातल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांनाच विचारून केलेला एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २००७ साली आला. बहुतेक बाबतींत त्यांचं समाधान इतर मुलांएवढंच निघालं. यावर आक्षेप येईल, की ज्यांना उत्तरच देता येत नाही ती मुलं यात कुठे होती? नव्हती, आक्षेप रास्त आहे. पण म्हणून त्यांच्या वतीने ‘दुःखी’ असं आपण लिहून टाकायचं? त्याच अभ्यासात वेदना असलेल्या मुलांचं समाधान कमी होतं, आणि वेदनेवर तर आम्हाला इलाज करता येतो. खुब्याचा सांधा निखळत असतो, पोट साफ होत नसतं, अन्न घशाशी येऊन जळजळत असतं, दाढ किडलेली असते. रडणं ‘त्या आजाराचंच’ म्हटलं, की एक्स-रेसुद्धा निघत नाही.

घर मोडतं, हे मात्र खरं. ठसका लागू नये म्हणून एकेक घास सावकाश, जेवणालाच तास. रात्री उठून कूस बदलायची, फिट येते का ते बघायचं. वाढतं मूल उचलून आईची कंबर जाते. नोकरी त्याआधीच गेलेली असते. हे सारं एकटीने.

तिला मग ‘देव अशी मुलं निवडक आयांनाच देतो’ असं ऐकवलं जातं. मला हे जास्त खटकतं. एकदा देवी केली, की तिला झोप मिळते का, हे कुणी विचारायला नको. आणि तिलाही कुरकुरायची सोय राहत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांना सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्ता सुचवलेला आहे, अर्थात सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’! या मर्यादेवर भांडायला हवंच, पण आमच्या टेबलावरचं कामही थोडं नाही. ‘व्यायाम दिवसातून तीनदा’ असं आम्ही बेधडक लिहितो. कुणी आणि कधी करायचा, ते विचारत नाही. मुलाला कसं उचलायचं, पोटातून नळी घालून भरवणं कधी बरं, आधारासाठी अर्ज कुठे करायचा, हे आईला पहिल्याच वर्षी सांगायला हवं, आणि त्या वेळी बापालाही समोर बसवायला हवं.