निशाणी आणि संमती

ज्या मागणीस नकार देण्याचा मार्ग मोकळा नाही, तिला दिलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात कोणीही सुज्ञ मनुष्य अमान्य करणार नाही. तथापि मोबाइलच्या पडद्यावर दिवसातून अनेकदा जी मान्यता आपल्याकडून वदवून घेतली जाते, तिला मात्र आपण सारे निर्वेध व परिपूर्ण संमती मानून चालतो, आणि या एका गृहीतावर आज माहितीच्या व्यापाराची सगळी इमारत उभी आहे.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटींची जी सूचना काढली, तिचे स्वरूप फर्मानाचे होते. २०१६ मध्ये अटी बदलल्या तेव्हा विद्यमान वापरकर्त्यांस आपली माहिती फेसबुकच्या जाहिरातींसाठी जाऊ न देण्याचा पर्याय काही दिवसांपुरता तरी मिळाला होता. २०२१ मध्ये अटी मान्य करा अथवा सेवा सोडा, एवढेच उरले. निरोपांतील मजकूर कंपनीस वाचता येत नाही हे खरे. परंतु आपला क्रमांक, आपल्या यंत्राची ओळख, व्यापाऱ्यांशी झालेली देवघेव, ही मजकुराभोवतीची माहितीच जाहिरातदारास अधिक मोलाची असते. ज्या समाजात शाळेची सूचना, दवाखान्याची वेळ, सोसायटीची नोटीस आणि भावकीतील सुखदुःखाची वार्ता याच एका वाटेने येते, तेथे सेवा सोडा असे सांगणे म्हणजे गाव सोडा असे सांगण्यासारखेच होय. भारतीय स्पर्धा आयोगाने ही सक्ती प्रभुत्वाचा गैरवापर ठरवून व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीस २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला खरा, पण तोवर नोव्हेंबर २०२४ उजाडला होता आणि कोट्यवधी लोकांची मान्यता केव्हाच नोंदली गेली होती.

याहून कठोर अनुभव झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांनी दिला. कर्ज मागणाऱ्याच्या फोनमधील नावांची यादी व छायाचित्रे आधी ताब्यात घ्यावयाची, आणि हप्ता थकताच त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांस, सहकाऱ्यांस व वरिष्ठांस संदेश पाठवून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडावयाची, अशी ही वसुलीची तऱ्हा होती; रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ॲपांना फोनमधील यादी, संभाषणांची नोंद व फायली उघडण्यास मनाई केली, ती यामुळेच. त्या यादीत ज्यांची नावे होती, त्यांना तर कोणी काही विचारलेही नव्हते.

यावर एक उत्तर नेहमी तयार असते, की अटी लिहिलेल्या होत्या, त्या न वाचता मान्य केल्या हा ज्याचा त्याचा दोष. हे उत्तर महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी ऐकलेले आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे उसळलेला आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेला शेतकऱ्यांचा दंगा सावकाराच्या जिवावर उठलेला नव्हता. त्याचा कटाक्ष होता कर्जाच्या कागदांवर. त्या कागदांवर कुणब्याची निशाणी होती, साक्षी होत्या, आणि अदालतीच्या दृष्टीने त्याची संमती पूर्ण होती. उणीव होती ती एवढीच, की निशाणी करणाऱ्यास मजकूर वाचता येत नव्हता, आणि वाचता आला असता तरी पेरणीच्या तोंडावर नाही म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने सावकारी संपली नाही. परंतु कागद बाजूस सारून व्यवहार मुळापासून कसा घडला याची चौकशी करण्याची जबाबदारी त्याने न्यायालयावर टाकली. निशाणी हा पुराव्याचा शेवट नसून चौकशीचा आरंभ आहे, हे परक्या सरकारलाही तेव्हा मानावे लागले.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या एकमुखी निर्णयाने, खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती मुक्त व विनाअट असावी, आणि ती कामापुरत्या आवश्यक माहितीलाच लागू व्हावी, असे हा कायदा म्हणतो. वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील नावांची यादी मागितली आणि रुग्णाने ती मान्य केली, तरी त्या यादीपुरती ती मान्यता ग्राह्य नाही, असे उदाहरणही त्यातच दिले आहे. हे कलम उत्तम आहे. परंतु दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत नेणाऱ्या याच कायद्याने तो सारा दंड सरकारी तिजोरीत जमा करविला, माहिती तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईची तरतूद काढून टाकली, आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राच्या हाती ठेवला. नियम जाहीर झाले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य बंधनांची अंमलबजावणी त्यानंतर अठरा महिन्यांनी. ज्याची माहिती गेली, ज्याची अब्रू गेली, त्याच्या हाती या कायद्याने भरपाई म्हणून काहीही पडत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की संसदेने भरपाईचा हक्क नागरिकास परत द्यावा. आणि संमती सिद्ध करण्याचा भार कायद्याने कंपनीवर टाकलेलाच असल्यामुळे, याच कायद्यातील विदा संरक्षण मंडळाने फिर्यादी ऐकताना वापरकर्त्याने बटण दाबले होते काय एवढेच न विचारता, ते न दाबता त्यास सेवा मिळाली असती काय, हेही कंपनीकडून सिद्ध करून घ्यावे. ज्या कंपनीस ते सिद्ध करता येणार नाही, तिने गोळा केलेली माहिती नष्ट करण्याचा हुकूम व्हावा. नागरिकाने अधिक सावध राहावे हा उपदेश आजवर पुष्कळ झाला. आता मर्यादा पाळण्याची पाळी माहिती गोळा करणाऱ्याची आहे.