चव घेणारे आणि पिणारे

वर्ध्याचा माणूस नाशिकला रामकुंडावर गेला तर त्याला कुणी काही विचारीत नाही. मी गेल्या माघात तिथल्या एका द्राक्षमळ्यावर जाऊन आलो, तेव्हापासून मात्र आमच्या मोहल्ल्याची माझ्याकडे पाहण्याची दृष्टी जरा पालटली आहे. म्हणून जे पाहिले ते सांगून टाकतो. त्यावरून जे सुचले तेही, मग ते कुणाला रुचो न रुचो.

पुतण्या तिकडे नोकरीस आहे. त्याने नेले. सकाळी अकरापासून दिवस कलेपर्यंत आम्ही दुसरे काही केले नाही. उंच टेबलाशी एक तरुण उभा होता. त्याने पाच पेल्यांत बोटबोटभर ओतले. पेला तिरका धरा, रंग पाहा. गोल फिरवा, वास घ्या. घोट जिभेवर घोळवा. नको असेल तर शेजारच्या भांड्यात टाकून द्या. शेनँ ब्लाँला म्हणे पेरूचा वास येतो, शिराझला मिऱ्याचा. पेरू मला खरोखरच जाणवला. मग वेलींच्या रांगा पाहत दोन तास जेवण. कुणी आवाज चढवला नाही, कुणाची झोकांडी गेली नाही. तो दिवस मला आवडला, हे कबूल करतो.

"काका, याला कुणी दारू म्हणेल का?" पुतण्याने विचारले.

मी म्हणतो. शेकड्याला बारातेरा भाग मद्यार्क ज्यात आहे त्याला काकवी म्हणायचे काय? पण जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे आपण थोरांच्या तोंडून ऐकले. त्याच निर्णयात दारूबंदीचे जिल्हे वगळले होते! दारू नव्हे, तर आमच्या वर्ध्याने काय पाप केले होते? आणि दारू असेल, तर ती साबणाच्या वडीशेजारी कशाला? हरकतींच्या गदारोळात हा साधा प्रश्न कुणी धड विचारला नाही. शेतकऱ्याचे कल्याण, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. द्राक्षे पिकवणाऱ्याचे कल्याण जरूर व्हावे. आमच्या कपाशीवाल्याच्या वाट्याला मात्र असा पेला फिरवून कौतुक करणारा पाहुणा कधी येत नाही.

खरे दुखणे आणखी खोल आहे. नाशिकचा पाहुणा चव घेतो आणि आमचा मजूर पितो, असे आपण म्हणतो. दोघांत फरक आहे तो सवडीचा. मजूर अंधारात, उभ्याउभ्या, कुणी येईल या भीतीने मोहाची हातभट्टी घशाखाली ढकलतो. मोहफुलाला स्वतःची चव असते, हे त्याच्या आज्याला ठाऊक असेल. सत्तरच्या दशकापासून चाललेल्या बंदीने त्याची दारू गेली नाही, चव तेवढी गेली.

पण म्हणून बंदी उठवा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. भट्टीची मडकी फोडायला पदर खोचून निघणाऱ्या बाया आमच्याच गावांतल्या आहेत. नवऱ्याची मजुरी कुठे जाते हे त्यांना माझ्यापेक्षा आणि मंत्र्यांपेक्षा जास्त कळते.

माझी तक्रार बंदी पाळणाऱ्यांवर आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. मगनवाडीत कुमारप्पा काम करीत होते, गजानन नाईक ताडगुळामागे लागले होते. आतून चुना लावलेले मडके संध्याकाळी शिंदीच्या झाडाला बांधायचे आणि उन्हाआधी उतरवायचे, म्हणजे नीरा गोड राहते; सूर्य वर चढला की तीच आंबून शिंदी होते. त्याच झाडाचा, त्याच रसाचा गूळ करता येतो. माणसाच्या हातातला पेला काढायचा तर दुसरा द्यावा लागतो, हे त्या मंडळींना कळत होते. आम्ही त्यांची बंदी तेवढी उचलली आणि पेला विसरलो.

आज बाहेरचा पाहुणा येतो, सेवाग्रामची बापू कुटी पाहतो, पवनारला धाम नदीकाठी पाच मिनिटे बसतो, गोरसपाकाचा डबा घेतो आणि सांजेच्या गाडीने जातो. तो गोरसपाक त्याने आमच्यासमोर सावकाश खाल्ला का? वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ती नाकाशी धरून कुणी त्याला दोन गोष्टी सांगितल्या का? साधेपणा म्हणजे बेचव खाणे, असा आम्हीच आमचा समज करून घेतला आहे. नाशिकच्या त्या पोराने पाच बोटे रसावर माझा तासभर रंगवला. आमच्याकडे सांगायला त्याहून कमी आहे असे मला वाटत नाही.

पुतण्याला मी येत्या पौषात बोलावले आहे. पहाटे पाचला उठावे लागेल म्हटल्यावर तो जरा कचरला, पण येतो म्हणाला. नीरा कुठे मिळेल याचा शोध आतापासून चालवला आहे. दोन गावे हिंडलो. शिंदीची झाडे उभी आहेत. चढणारा अजून भेटायचा आहे.