एकाच शिट्टीचा न्याय

मुंबई-पुण्याच्या माणसाला उर्से हे नाव ठाऊक असते ते टोलनाक्यामुळे. 2002 साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावरील त्या नाक्याविषयी आम्हां गावकऱ्यांच्या मनात फारसे प्रेम नाही. पण त्याचे एक शहाणपण मी मान्य करतो. तिथे मोटारीला एक दर असतो, बसला दुसरा आणि मालट्रकला तिसरा. ज्याचे वजन जास्त त्याने जास्त द्यावे, हे नाक्यावरच्या पाटीला कळते. आमच्या शालेय क्रीडा स्पर्धांना मात्र ते अजून कळायचे आहे.

या स्पर्धा सरकारचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय भरवते. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी. या शिडीच्या पहिल्याच पायरीवर मावळातली सारी पोरे एकत्र येतात. एकीकडे जिल्हा परिषदेची शाळा: तिला व्यायामशिक्षकाचे स्वतंत्र पद नाही, गणित शिकवणारे गुरुजीच संध्याकाळी खो-खोचे खांब रोवतात. दुसरीकडे लोणावळा-तळेगावच्या बाजूची भरगच्च फीची निवासी शाळा: तिला हिरवळीचे मैदान, पोहण्याचा तलाव, खेळागणिक प्रशिक्षक आणि स्वतःची बस. पंच शिट्टी फुंकतो आणि म्हणतो, चला, दोघेही समान! वाचकहो, याला समता म्हणत नाहीत. ही समतेची नक्कल झाली.

माझे भांडण ‘खासगी’ या शब्दाशी आहे असे मात्र कुणी समजू नये. शेजारच्या तळेगावात अण्णासाहेब विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. तेही खासगीच होते, आणि इंग्रज सरकारला इतके खुपले की 1910 साली ते बंद पाडण्यात आले. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्थाही सरकारी नव्हे. गरिबाच्या पोराला पदरात घेणारी अनुदानित शाळा कागदावर खासगी असली, तरी ती आमचीच. माझा रोख आहे तो 2012 च्या कायद्याने जिला ‘स्वयंअर्थसहाय्यित’ असे भारदस्त नाव मिळाले, त्या शाळेकडे. आणि तिच्याहूनही अधिक, तिला व आम्हांला एकाच मापाने मोजणाऱ्या सरकारकडे.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘‘अहो, मैदानावर पैसा धावत नाही, पाय धावतात.’’ ठीक आहे. मग कुस्तीत वजनगट कशाला? शालेय कबड्डीत पोरांना काट्यावर का उभे करता? वयाचे दाखले का तपासता? असमानांची झुंज लावणे हा अन्याय आहे, हे तत्त्व तुम्ही केव्हाच मान्य केले आहे. पोराचे वजन तेवढे तुम्ही मोजता. त्याच्या शाळेच्या तिजोरीचे वजन मोजायचे म्हटले की काटा बिघडतो! अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने तो काटा दुरुस्त करून पाहिला. ज्या शाळा ठरावीक हद्दीबाहेरूनही विद्यार्थी घेऊ शकतात, त्यांची पटसंख्या 2005 पासून 1.65 ने गुणून त्यांना वरच्या गटात बसवण्याची रीत तिथे पडली. तिच्यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. आपल्याकडे वादसुद्धा नाही.

दुसरे महाभाग म्हणतात, खरे खेळाडू गरिबीतूनच वर येतात. खाशाबा जाधव पाहा. अवश्य पाहू. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांना पैसे मिळावेत म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले आणि 7,000 रुपये उभे केले. या राज्याची क्रीडाव्यवस्था काय प्राचार्यांच्या गहाणखतांवर चालवायची आहे? उलट बाजूही पाहा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. रायफलीसारखा महागडा खेळ त्याच्या घराला कुठून परवडणार? 2009 साली तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, आणि 2024 साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला. सरकारने हात दिला की काय होते, त्याचा हा पुरावा. गुण गरिबीचा नव्हता, दिलेल्या हाताचा होता.

आणि हा प्रश्न केवळ ढालीचा नाही. राज्य व राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. काही खेळांच्या स्पर्धा तर तालुक्याला होतच नाहीत, त्या थेट जिल्ह्याला सुरू होतात; कारण ते खेळ खेळणाऱ्या शाळाच मोजक्या. म्हणजे ज्या खेळाचे साहित्य महाग, त्याची शिडी आखूड! आमची पोरगी खो-खोत तालुकाभरच्या शाळांशी झुंजून जिथे पोचते, तिथे दुसरी चाकांचे बूट घालून दोन फेऱ्यांत पोचते. तिच्या मेहनतीचा मी अनादर करीत नाही; तिच्या वाटेवरची गर्दी तेवढी मोजतो.

मग काय, वेगळ्या स्पर्धा भरवायच्या? मुळीच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचे स्वतःचे सामने होतातच. पण त्या विजयाने राष्ट्रीय शिडीची एकही पायरी चढता येत नाही. दुसरी पंगत आम्हांला नको. आम्हांला पहिल्याच पंगतीत बसायचे आहे, पण पान पुढ्यात असायला हवे.

त्यासाठी चार गोष्टी पुरेत. एका केंद्रातल्या लहान शाळांना मिळून एक संघ उतरवू द्यावा. चाळीस पटाच्या शाळेने बारा खो-खोपटू आणायचे कुठून? फीमाफीचे आमिष दाखवून ऐन हंगामात पळवलेल्या खेळाडूला वर्षभर नव्या शाळेकडून खेळू देऊ नये. प्रत्येक केंद्राला एक पगारी व्यायामशिक्षक द्यावा. आणि ज्या शाळांना मैदाने आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी ती शेजारच्या पोरांना खुली करावीत. शिक्षणहक्क कायद्याने 2009 साली प्रत्येक शाळेला मैदान हवे असे लिहून ठेवले आहे. लिहिलेल्या मैदानावर धावता येत नाही.

या चार गोष्टी करा आणि मग आम्हांला हरवा. तो पराभव आमची पोरे हसत घेतील, कारण तो त्यांचा स्वतःचा असेल. आज ती हरतात तेव्हा हरते ती त्यांची शाळा, आणि ती शाळा सरकारची आहे.