फडताळातील औषध

दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. तेथे तापमान आणि आर्द्रता यांची काटेकोर नोंद ठेवावी लागते. तसेच काळजीने बनलेले औषध त्याच तालुक्यातील घरी पोहोचले की पत्र्याच्या छपराखाली खिडकीत नाहीतर चुलीवरच्या फळीवर विसावते. वैशाखात दौंड-शिरूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या खोलीचे तर विचारावयासच नको. ‘३० अंशांखाली ठेवावे’ ही वेष्टनावरची बारीक अक्षरांतील सूचना किती घरांत वाचली जाते?

मधुमेह आता शहरापुरता उरलेला नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, मात्र बर्फाच्या कप्प्यात ते गोठले की निकामी होते. जेथे शीतकपाट नाही वा विजेचा भरवसा नाही, तेथे दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात कोरड्या डबीत वापरातील कुपी ठेवावी. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम चालतो, पावसाळ्याच्या दमट हवेत तितका नाही. आजीच्या माठाला हसणाऱ्यांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

याहून मोठी चिंता शेतकरी घराची आहे. ऊस आणि कांद्याच्या या पट्ट्यात फवारणीचे विषारी द्रव्य, गाईचे इंजेक्शन आणि मुलाचे खोकल्याचे औषध अनेकदा एकाच फडताळात नांदतात. उरलेले तणनाशक शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय तर प्राणघातकच. अंधारात, घाईत चुकीची बाटली हाती येण्यास कितीसा वेळ लागतो? अशा विषांची जागा घराबाहेर, कुलपात आणि मूळ वेष्टनातच हवी.

पण निरुपद्रवी समजली जाणारी ‘ताकदीची गोळी’ही निर्धास्त ठेवण्याजोगी नाही. गरोदर मातेला मिळणारी लोहाची लाल गोळी बालकाला खाऊसारखी दिसते. तीत ६० मिलिग्रॅम लोह असते. दहा किलो वजनाच्या बाळाच्या पोटात अशा दहा गोळ्या गेल्या तर जिवावर बेतू शकते. आरंभी उलट्या होतात, मग काही तास मूल बरे वाटू लागते, आणि घरचे तेथेच फसतात. त्या फसव्या उताराची वाट न पाहता १०८ क्रमांकाला हाक द्यावी. गोळ्यांचे रिकामे पाकीटही सोबत न्यावे.

मुदत उलटलेल्या औषधांचे काय? ती उकिरड्यावर जातात, तेथून गुरांच्या तोंडी, किंवा ओढ्यावाटे घोड आणि भीमेत. केरळने २०२५ मध्ये घरातील अशी औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. घरोघर संपर्कास जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी दौंड-शिरूरच्या ग्रामसभांत हीच मागणी मांडावी. औषधविक्रेत्याच्या दारात एक कुलूपबंद पेटी ठेवण्यास असा कितीसा खर्च येणार आहे?