‘किती गोड!’ पुरे, आता थापटणं काढा

दिवाळी आली की प्रदर्शनात एक टेबल ठरलेलं: ‘विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्या’. जवळ जाऊन बघा. ही ‘मुलं’ अनेकदा पस्तिशी-चाळिशीची असतात. पणत्या बाजारातून आणलेल्या. त्यांच्या वाट्याला फक्त रंग.

मातीकाम एवढंच असतं? चाकावर मध्य साधला नाही तर भांडं डगमगतं. ओल राहिली तर भट्टीत फुटतं. माती कुणालाही सूट देत नाही. सूट आपण देतो. वाकड्या वाटीला ‘किती गोड!’ म्हणतो, सेल्फी काढतो, निघतो. म्हणजे यांना शिकता येणारच नाही, हे आपण आधीच ठरवलेलं असतं.

आख्यायिकेतले गोरोबाकाका आठवा. त्यांनी थापटणं मारून नामदेवांनाही कच्चं मडकं ठरवलं, आणि नामदेव गुरू शोधायला निघाले.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा व्यावसायिक प्रशिक्षण आणि स्वयंरोजगाराबद्दल बोलतो. एका दुपारच्या कार्यशाळेने त्यातलं काय साधणार? व्हीलचेअरवरून हात पोचेल अशा उंचीचं चाक द्या. वर्षभर शिकवा. चुकलं तर चुकलं म्हणा. आणि जमलेलं भांडं दयेने नाही, पूर्ण किंमत मोजून विकत घ्या.