रविवारी कोण आले नाही?

आमच्या वस्तीतले एक आजोबा दोन दिवस स्वतःच्या घरात मरून पडले होते आणि आम्हाला ते कळले नाही.

हे एक वाक्य लिहायला मला आठ महिने लागले. वस्ती काही रानात नाही. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली आमची बौद्ध वस्ती. मध्यभागी फरशी बसवलेले विहार, विहारापुढे बाबासाहेबांचा पुतळा. आजोबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आजी आधीच गेलेल्या, मुलगा चाकणला कंपनीत. शेवटी शेजारच्यांना वास आला तेव्हा दार तोडले. त्या वेळी मी विहार समितीचा सचिव होतो. नंतर घरी येऊन मी जयंतीचे पावतीपुस्तक काढले. त्यात आजोबांचे नाव होते, पाचशे एक रुपये. त्याखेरीज आमच्या कुठल्याही वहीत त्यांचे नाव नव्हते.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट. रस्त्याच्या पलीकडे ख्रिस्ती वस्ती आहे. तिथे एक निवृत्त नर्स राहतात, त्याही एकट्याच. सगळे त्यांना सिस्टर मावशी म्हणतात. एका रविवारी त्या उपासनेला आल्या नाहीत. दुपारी तीनच्या आत महिला मंडळातल्या चार बायका त्यांच्या दारात होत्या. मावशींना ताप होता, शुगर वाढली होती. संध्याकाळी डबा आला आणि रात्री सोबतीला मंडळीतली एक मुलगी झोपायला आली.

दोघेही एकटे. दोघांचेही पूर्वज एकाच महारवाड्यातले. मग एक माणूस वाचला आणि एक गेल्यावरही कळले नाही, हे कसे? ज्यांना याचे उत्तर देवात शोधायचे आहे त्यांनी खुशाल शोधावे. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे. मला हा फरक आठवड्यात दिसतो. त्यांचा समाज आठवड्यातून एकदा मोजला जातो. आपला समाज वर्षातून चार वेळा गोळा होतो आणि तेव्हाही मोजली जाते ती गर्दी.

ही मंडळी कोण, हे आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. नगर भागात जे ख्रिस्ती झाले त्यांत मोठा भरणा महारांचा, त्यापाठोपाठ मांगांचा. नगरमध्ये सिंथिया फरार बाईंनी चालवलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात शाळा काढली, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पुढे वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. म्हणजे रस्त्यापलीकडचे लोक परके नाहीत. आपल्यापेक्षा शे-सव्वाशे वर्षे आधी गावकी सोडून बाहेर पडलेले ते आपलेच भाऊबंद आहेत. नवा समाज उभा करायचा तर आठवडा कसा चालवावा लागतो, याचा अनुभव त्यांच्याकडे जास्त आहे.

आजोबा गेल्यावर मी मावशींना म्हणालो, "मला एकदा तुमची उपासना बघायची आहे."

त्या म्हणाल्या, "बघायला येऊ नको, बसायला ये."

मी गेलो, आणि नंतर बऱ्याच रविवारी गेलो. बाप्तिस्मा घ्यायला नव्हे. बावीस प्रतिज्ञा माझ्या जागी पक्क्या आहेत. मी टिपणवही घेऊन गेलो होतो.

घंटा झाली. पेटी-तबल्यावर गीते झाली, शास्त्रवाचन झाले, पाळकांचा उपदेश झाला. मला यातले थोडेच पटले. पण मध्ये 'सूचना' नावाचा एक भाग आला आणि मी सरसावून बसलो. मंडळीचे सेक्रेटरी उठले. अमक्यांची शस्त्रक्रिया बुधवारी आहे, रक्त लागेल. तमक्यांचा मुलगा बारावीला बसतोय. अमुक बाई बाळंत झाल्या. अमुक घरात मयत झाली, चाळीस दिवस रोज संध्याकाळी कोणी ना कोणी तिथे जायचे आहे. वाढदिवसाची माणसे पुढे येऊन उभी राहिली. एका लग्नाची घोषणा झाली आणि कोणाची हरकत असेल तर कळवा, असे सांगितले. सगळे मिळून दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत मला त्या मंडळीतल्या वीस घरांची हालहवाल कळली. माझ्या स्वतःच्या वस्तीतल्या वीस घरांची मला तेवढी कळत नव्हती.

नंतर अर्पणाची थैली फिरली. कोणी दहा टाकले, कोणी पाकीट टाकले. बाहेर व्हरांड्यात चहा झाला. मुलांची रविवारची शाळा उपासनेच्या आधीच झाली होती. मंगळवारी महिला मंडळ, शुक्रवारी पाळीपाळीने कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. प्रत्येक गल्लीसाठी मंडळीतला एक वडील नेमलेला, त्याच्याकडे छोटी वही. वहीत घरे, माणसे, आजारपणे. सिस्टर मावशींच्या दारात त्या चार बायका आल्या त्या कोणाला दृष्टान्त झाला म्हणून आल्या नव्हत्या. बाकावरची एक जागा रिकामी दिसली आणि ती जागा कोणाची हे चौघींना ठाऊक होते, म्हणून आल्या.

दुर्खिमने १९१२ साली धर्माची व्याख्या केली. त्या व्याख्येत त्याने देवाला स्थान दिले नाही, पण 'चर्च' हा शब्द मुद्दाम घातला. श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, त्या समुदायाला तो चर्च म्हणतो. एम.ए.ला हे मी पाठ केले होते आणि दहा मार्कांचे उत्तरही लिहिले होते. त्याचा अर्थ त्या व्हरांड्यात चहा पिताना समजला.

आता आपले कार्यकर्ते काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण मला ते तोंडावर म्हणून झाले आहे. "रविवार ख्रिश्चनांचा. आपण त्यांची नक्कल कशाला करायची?"

बंधूंनो, बाबासाहेबांना हा प्रश्न पडला नव्हता. १९५४ साली त्यांनी ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन कौन्सिलसाठी भारतातल्या बौद्ध चळवळीचा आराखडा लिहिला. त्यात नवदीक्षितांच्या कायम हाताशी राहील असा ग्रंथ मागितला, गृहस्थांसाठी दीक्षाविधी मागितला, संसारी धम्मप्रचारक मागितले, त्यांना शिकवणारी संस्था मागितली. आणि दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना व त्यानंतर प्रवचन, हेही मागितले. ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला. दीक्षाविधी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात स्वतः घडवला. रविवार आपल्यावर सोडला. तो आपण काय केला?

नक्कलेचाच मुद्दा असेल तर आणखी मागे चला. विनयपिटकात कथा आहे. इतर पंथांचे परिव्राजक ठरावीक तिथींना एकत्र जमतात, लोक त्यांचे ऐकायला जातात आणि त्यांच्याशी जोडले जातात, हे बिंबिसार राजाने पाहिले. आपल्या भिक्खूंनीही असे जमावे, असे त्याने भगवंतांना सुचवले. भगवंतांनी ते मान्य केले. भिक्खू जमू लागले, पण मुकाट बसून राहत. लोकांनी नावे ठेवली. तेव्हा भगवंतांनी सांगितले की जमा आणि धम्म बोला. ज्याला आपण उपोसथ म्हणतो त्याची सुरुवात अशी दुसऱ्याची चांगली रीत पाहून झाली. त्यात तथागतांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा? वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमतात तोवर त्यांची वाढच होईल, हेही त्यांचेच सांगणे. आणि आजारी पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला त्यांनी स्वतःच्या हाताने धुतले, ही गोष्ट तर आपण प्रत्येक प्रवचनात सांगतो. सांगून झाले की विहाराला कुलूप लावतो.

काही ठिकाणी रविवारची वंदना नेमाने चालते, त्यांना माझा सलाम. पण बहुतेक वस्त्यांचे चित्र कोणी नाकारू नये. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. वर्षावासात तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन, तेही म्हाताऱ्या बायांच्या जिवावर. आश्विन पौर्णिमेला सांगता, खीरदान, फोटो. मग एप्रिलपर्यंत विहारात शुकशुकाट. जयंतीला लाखाचा डीजे लावणारी वस्ती आजोबांसाठी दोन दिवस बहिरी होती, आणि त्या वस्तीचा सचिव मी होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "चर्चमध्ये जात नाही काय?" आहे. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर स्वतंत्र लेखन केले आहे. धर्म बदलूनही जात पाठ सोडत नाही आणि हा समाज अन्यायाविरुद्ध संघटितपणे लढत नाही, ही दोन दुखणी त्यांनी नेमकी दाखवली. आजही लग्न जुळवताना मूळ जात विचारली जाते. तामिळनाडूत दलित ख्रिश्चनांसाठी वेगळी दफनभूमी ठेवल्याची उदाहरणे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. त्यांच्या या मागणीवर आपण काय भूमिका घेतो, तेही एकदा आरशात पाहून ठरवावे.

चर्चची कुरबुर मला मावशींनीच सांगितली. कमिटीच्या निवडणुकीत गट पडतात, जमिनींवरून कोर्टकचेऱ्या होतात. शिवाय ज्या वहीत आजारपण लिहिले जाते त्याच वहीमुळे कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली याचीही चर्चा होते. जिथे तुमची गैरहजेरी लक्षात येते तिथे तुमच्यावर नजरही राहते. हा धोका खरा आहे. म्हणून मी चर्च उचलून आणा असे म्हणत नाही. वही घ्या, पण पंचायत घेऊ नका. विचारपूस करा, चौकशी करू नका. आपल्या हातात बाबासाहेबांचे संविधान आहे आणि बुद्धाने दिलेले स्वतः तपासून पाहण्याचे स्वातंत्र्य आहे. नजर आणि काळजी यांतली रेषा आपण त्यांच्यापेक्षा चांगली ओढली पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशांचा. मिशनला परदेशातून पैसा येत होता, आपल्याला कोण देणार? मिझोरमकडे बघा. तिथल्या ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तो गोळा करून विकतात आणि त्यातून मंडळीचे काम चालते. मूठभर तांदूळ! आपल्या वस्तीत तेवढा नाही असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे खोट आहे ती हिशेबाची. वर्गणी कोणी दिली हे माईकवर सांगतात, गेली कुठे हे सांगत नाहीत.

आम्ही काय केले ते सांगतो. फार मोठे काही नाही. रविवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ विहार उघडायचे. वंदना, पंधरा मिनिटे ग्रंथवाचन, त्यावर प्रश्न, आणि मग 'सूचना'. हा शब्द मी सरळ तिकडून उचलला. आठवड्याचा जमाखर्च तिथेच वाचायचा. प्रत्येक गल्लीला एक बाई आणि एक तरुण नेमला, त्यांच्याकडे वही दिली. ज्यांची रविवारी ड्युटी असते, म्हणजे वॉचमन, हॉस्पिटलचे कर्मचारी, एमआयडीसीतली पोरे, त्यांच्या घरी आठवड्यात एकदा चक्कर. पहिल्या रविवारी अकरा जण आले. पावसाळ्यात पाचवर आलो. आता वीसच्या आसपास असतो. तीनशे उंबऱ्यांच्या वस्तीत वीस म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळते. पण या वीस जणांना एकमेकांच्या जागा पाठ झाल्या आहेत.

मागच्या महिन्यात खालच्या गल्लीतल्या एक आजी लागोपाठ दोन रविवार आल्या नाहीत. दाराला कुलूप. आम्ही तिघे शेजारी विचारत, फोन नंबर शोधत फिरलो. शेवटी आजी मंगळवारी एसटीतून उतरल्या आणि आमचे चेहरे बघून कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लेकीकडं गेले होते मी राहुरीला. तुम्ही काय मयताला आलात का?"

सगळे हसले. आजींनी आम्हाला शिव्याही दिल्या. पुढच्या रविवारी त्या पाच मिनिटे आधी येऊन बसल्या.

आता गावाला जायचे असले की त्या आदल्या रविवारी सांगून जातात.

जय भीम! नमो बुद्धाय!